सहाव्या मजल्यावरची यंत्रशांत

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या नव्या सोसायटीत रविवारी सकाळी सहाव्या मजल्यावर लिफ्टबाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती, इतक्या चपला तिथे पडल्या होत्या. जयंत सरदेसायांच्या तीन खोल्यांच्या घरात चाळीसेक माणसं शिरली होती, आणि त्यांतली निम्मी एकाच खोलीत, एका टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी होती. टेबलावर देव नव्हता, कॉम्प्युटर होता. तीन वर्षांपूर्वी नेहरू प्लेसमधून सुटे भाग जोडून आणलेला, कडेनं पिवळा पडू लागलेला. त्याच्या पडद्याला झेंडूचा हार होता, खालच्या पेटीला हळदकुंकू होतं आणि माऊसपुढे वाटीत साखरफुटाणे ठेवले होते. माऊसनं ते खावेत अशी अपेक्षा असावी.

टेबलापुढे पाटावर यंत्रगुरू हरिदासशास्त्री बसले होते. वय पस्तिशीचं, अंगावर रेशमी सोवळं आणि त्याच सोवळ्यात खोचलेला मोबाइल फोन. सन दोन हजार होतं. मोबाइल फोन ही तेव्हा अर्धी सिद्धीच समजली जाई.

"यंत्रालाही प्राण असतो, माउली," शास्त्रीबुवा सांगत होते. "रॅम म्हणतात त्याला. रॅम म्हणजे कोण? साक्षात राम! तो रुसला की हार्ड डिस्क कठोर होते. मग इंजिनियर येतात, पेचकस फिरवतात. अहो, रुसलेल्या माणसाचे कोणी स्क्रू काढतं का?"

सगळे हसले. हसताना निम्म्यांनी दाराकडे पाहिलं, कारण दारात खुद्द जयंत हातात पेचकस घेऊन उभा होता. पाच दिवस तो त्या यंत्राशी झटत होता. ओखल्याच्या एका कंपनीत तो हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचा, त्यामुळे सोसायटीतल्या मराठी मंडळात त्याला 'कॉम्प्युटरमधला माणूस' म्हणत. पेचकस कुठे लपवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो पाठीमागे धरला.

"आता ताई, घंटा! जोरात! थांबायचं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. मंडळाच्या चिटणीस हेमलताताईंनी घंटा अशी बडवली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं. शास्त्रीबुवांनी पेटीवर लाल शाल पांघरली, दोन्ही हात शालीखाली घातले, डोळे मिटले आणि पुटपुटत राहिले. मग शाल काढली आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पाच दिवस त्या काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या त्याच दोन ओळी येत होत्या. 'एनटीएलडीआर' नावाची फाइल सापडत नाही, असं पहिली ओळ सांगायची. कृपया दुसरी डिस्क घाला, असं दुसरी. आज त्या आल्या नाहीत. घर्र झालं, टिक झालं आणि पडद्यावर निळं आभाळ उमटलं. विंडोजची ओळखीची धून वाजली, तेव्हा कोणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणालं आणि चाळीस तोंडांनी 'मोरया' केला. जयंतची बायको रेवती डोळे पुसत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी पुढे सरकले. "महाराज, ये तो चमत्कार है! हमारे ऑफिस का कंप्यूटर भी देख लीजिए."

"देखेंगे, ज़रूर देखेंगे. पण आधी या घराचं बघू," शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी आवाज खाली आणला. आवाज खाली आला की माणसं जवळ येतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "यंत्र उगाच रुसत नाही. या भिंतीपलीकडे, दक्षिणेच्या खोलीत, कोण राहतं?"

सगळ्यांना माहीत होतं. दक्षिणेच्या खोलीत जयंतची आत्या राहत होती.

"सावली आहे. विधवेची सावली," शास्त्रीबुवांनी निःश्वास टाकला. "आज यंत्रावर आहे, उद्या लेकरावर जाईल. माझं ऐकायचं नसेल तर पडताळा घ्या. त्यांना तीन दिवस दुसरीकडे पाठवा. यंत्र चालेल. त्या परत आल्या की बघा."

इंदुमतीआत्या तिथेच, दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं आणि जयंतकडे पाहिलं. जयंतनं पेचकसाची मूठ अंगठ्यानं चोळली आणि खाली फरशीकडे पाहिलं.

इंदुमतीआत्या साताऱ्याची. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं तिनं विज्ञान शिकवलं. जयंत नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा आत्यानंच त्याला आपल्याकडे नेलं आणि दहावीपर्यंत सांभाळलं. लोहचुंबकापासून लिटमसच्या कागदापर्यंत जे काही तो शिकला ते तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. गेल्या वर्षी तिचे यजमान वारल्यावर जयंत स्वतः जाऊन तिला दिल्लीला घेऊन आला होता. आता हेच तुझं घर, असं तो सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला होता, आणि ते म्हणताना त्याला फार बरंही वाटलं होतं.

शास्त्रीबुवांचा तिच्यावर राग होता, त्यालाही कारण होतं. खंडेनवमीला मराठी घरांत हत्यारांची पूजा होते. पूर्वी विळे-कोयते पूजत, आता बाराव्या-चौदाव्या मजल्यावर कोयता कुठला? म्हणून हेमलताताईंनी टूम काढली की यंदा मंडळातर्फे कॉम्प्युटर पुजायचे. नाशिककडून आलेले एक शास्त्री आहेत, त्यांना यंत्रविद्या अवगत आहे, असं कोणीतरी सांगितलं. शास्त्रीबुवा एका दिवसात दहा घरं फिरले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी शालीखाली यंत्राची 'प्राणप्रतिष्ठा' केली आणि फ्लॉपी नावाची चपटी डिस्क घालायची जी फट असते तिच्यावर गंधाचं स्वस्तिक काढलेली लाल रेशमी पट्टी चिकटवली. दिवाळीपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही, असंही बजावलं. सरदेसायांकडे आत्यानं त्यांना विचारलं, "शास्त्रीबुवा, विजेची वायर काढून मग मंत्र म्हणता का? यंत्र चालू झालं तर मी स्वतः साष्टांग घालते." बायका खुदखुदल्या. शास्त्रीबुवाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दहांतली तीन यंत्रं बंद पडली. त्यांतलं एक सरदेसायांचं होतं.

जयंत पूजेच्या दिवशी चंदीगडच्या दौऱ्यावर होता. दसऱ्याला परतला तो थेट यंत्राचं झाकण उघडून बसला. धूळ झटकली, वायरी काढून पुन्हा बसवल्या, मेमरीची पट्टी खोडरबरानं पुसली, सीडी घालून पाहिली. त्या दोन ओळी काही हटेनात. ऑफिसातल्या दोस्तानं फोनवर सांगितलं, "यार, सगळ्यात आधी स्टार्टअपची फ्लॉपी घाल आणि तिच्यावरून चालू कर. काय बिघडलंय ते लगेच कळेल."

"हो हो, केलं ते," जयंत म्हणाला.

त्यानं ते केलं नव्हतं. फ्लॉपी घालायची तर पट्टी काढावी लागणार होती, आणि पट्टीला त्यानं हात लावला नव्हता.

आता इथे या माणसाची कीव करायची की त्याला फटकावायचं हे वाचकांनी ठरवावं. जयंत काही भोळाभाबडा नव्हता. मांजर आडवं गेलं तर थांबणाऱ्यांची टिंगल करण्यात त्याची हयात गेली होती. पण जुलै महिन्यात त्याच्या दहा वर्षांच्या वैभवीला ताप आला, तेव्हा रेवतीनं तिच्या दंडाला मंतरलेला गंडा बांधला होता. जयंतनं हसत हसत तो कात्रीनं कापला. दोनच दिवसांत ताप एकशे चारवर गेला आणि पोरीला टायफॉइड म्हणून नऊ दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. टायफॉइड पाण्यातून होतो, सोसायटीत टँकरचं पाणी येतं, हे सगळं त्याला पाठ होतं. रेवतीही त्याला एका शब्दानं बोलली नाही. तरीपण त्या कात्रीचा आवाज त्याच्या मनातून जाईना. म्हणून ती लाल पट्टी पाहिल्यावर त्यानं स्वतःला समजावलं, की बिघाड आतला आहे, फ्लॉपीच्या फटीशी त्याचा काय संबंध? कशाला उगाच?

चौथ्या दिवशी आत्या चष्मा लावून त्या पडद्यापुढे उभी राहिली होती. तिनं दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

"जयंता, हे दुसरी डिस्क घाला म्हणतंय. म्हणजे आत्ता घातलेली कुठली तरी चुकीची आहे का?"

"अगं, ते हार्ड डिस्कबद्दल बोलतंय."

"असेल. आणि ही जी फाइल सापडत नाही म्हणतंय, ती याच्यात आधी होती का? नसेल, तर ती मागतंय तरी कोण?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता. ती फाइल ऑफिसातल्या नव्या धाटणीच्या यंत्रांवर असते. घरच्या त्या जुन्या विंडोजला तिची कधी गरजच नसते. हे जयंतनं क्षणभर विचार केला असता तर त्याच्याच ध्यानात आलं असतं. पण खोलीत तेव्हा हेमलताताई बसल्या होत्या आणि शेजारच्या विंगमधला, पुण्याहून आलेला यशोधनही होता. यशोधन सॉफ्टवेअरमधला, त्याचंही यंत्र बंद पडलेलं.

"आत्या, तुला यातलं काही कळत नाही. उगाच मध्ये बोलू नकोस," जयंत म्हणाला.

तिनं वही मिटली आणि ती आपल्या खोलीत गेली. त्यानंतर तिनं कॉम्प्युटरचा विषय काढला नाही.

पडताळा मात्र ठरल्याप्रमाणे झाला. सोमवारी जयंतनं आत्याला गाझियाबादला तिच्या भाचीकडे, विनयाकडे पोचवलं. "तीनच दिवस गं. रेवतीच्या मनाचं समाधान," असं तो रिक्षात तिला म्हणाला. तिनं 'बरं' म्हटलं. तीन दिवस यंत्र सुरळीत चाललं. गुरुवारी आत्या परतली. त्याच संध्याकाळी शास्त्रीबुवा प्रसाद द्यायच्या निमित्तानं आले, "पट्टी मलूल झालीय, बदलतो," म्हणून शाल पांघरून पट्टी बदलून गेले. शुक्रवारी सकाळी पडद्यावर पुन्हा त्याच दोन ओळी.

रेवती यंत्रापुढे मटकन बसली. "जयंत, मला कॉम्प्युटरचं काही नाही रे. तो फेकून दे. पण ते लेकराचं म्हणाले होते. वैभवीला पुन्हा काही झालं तर मी काय करू?"

आत्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. हात पुसत ती बाहेर आली. "रेवती, रडू नकोस. मी साताऱ्याला जाते. तिथली खोली अजून आहे माझी. जयंता, पुढच्या रविवारचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीट मिळतंय का बघ."

तिला वाटलं असावं की तो नाही म्हणेल. ती थोडी थांबलीही. जयंतनं तिकीट काढून आणलं.

मंगळवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीआधी शेजारच्या टेबलावरचं यंत्र चालू होईना. जयंतनं सहज मान वळवली तर काळ्या पडद्यावर त्याच दोन ओळी. एनटीएलडीआर सापडत नाही, कृपया दुसरी डिस्क घाला. यंत्रावर बसणाऱ्या मुलीनं, अक्षतानं, जीभ चावली. "अय्या, फ्लॉपी आतच राहिली!" तिनं बटण दाबलं, फ्लॉपी बाहेर आली, आणि यंत्र मुकाट चालू झालं.

"काय झालं होतं?" जयंतनं विचारलं.

"काही नाही हो सर. चालू होताना तो आधी फ्लॉपी बघतो ना. फ्लॉपी असली की तिच्यातच सिस्टिमची फाइल शोधत बसतो. साध्या फ्लॉपीत ती कुठून असणार? हार्ड डिस्कपर्यंत पोचतच नाही बिचारा."

जयंत अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. रेवती शाळेतून वैभवीला आणायला गेली होती, आत्या दुपारची पडली होती. त्यानं नखानं लाल पट्टीचं टोक उचललं. पट्टी निघाली, त्यानं बटण दाबलं, खट् झालं, आणि एक काळी फ्लॉपी बाहेर आली. तिच्यावर 'श्री' लिहिलं होतं. आत काहीच नव्हतं. फ्लॉपी काढल्यावर यंत्र चालू झालं. घातल्यावर अडलं. त्यानं चार वेळा करून पाहिलं.

इथवर आलेली गोष्ट अशा कथांत लगेच संपते. नायक धावत जातो, भोंदूची गचांडी धरतो, लोक टाळ्या पिटतात. जयंतनं तसं केलं नाही. त्यानं फ्लॉपी पुन्हा आत सारली आणि पट्टी होती तशी चिकटवली.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते लिहायलाही शरम वाटते. सांगायचं तर हे सांगावं लागणार होतं, की कॉम्प्युटरमधला माणूस दोन आठवडे एका चिंधीला भ्याला. आत्याला जे पहिल्या वाचनात दिसलं होतं ते त्याला दिसलं नाही, आणि वर त्यानं तिलाच गप्प केलं. मंडळात हसं झालं असतं. शिवाय आणखी एक विचार होता, आणि तो सगळ्यांत हलकट होता. तिकीट तर निघालंय. आत्यानं स्वतःच जाते म्हटलंय. रेवती शांत झालीय. घरात एक खोलीही मोकळी होईल. चार दिवस गप्प बसलं तर सगळं आपोआप मिटेल.

तो मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार गप्प बसला. जेवताना आत्यानं वाढलं, तो जेवला.

शनिवारी संध्याकाळी आत्यानं त्याला ट्रंक पलंगाखालून ओढायला बोलावलं. ट्रंक बाहेर आली. तिनं दार लोटून घेतलं.

"जयंता, तुला कळलंय ना?"

"काय?"

"मंगळवारपर्यंत तू रोज त्या यंत्राकडे बघत होतास. मंगळवारनंतर एकदाही बघितलं नाहीस. उत्तर येत असून हात वर न करणारी पोरं मी एकतीस वर्षं बघितलीत रे. ती अशीच बाकाकडे बघत बसतात."

जयंत ट्रंकेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगळं सांगितलं त्यानं. गंडा, कात्री, पट्टी, फ्लॉपी, चार दिवस. आत्यानं त्याला जवळही घेतलं नाही.

"हे मला सांगून काय उपयोग?" शेवटी ती म्हणाली. "मला सावली म्हणाले ते चाळीस माणसांसमोर."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली. सोसायटीच्या ऑफिसातलं यंत्रही आठवड्यापूर्वी पुजलं गेलं होतं आणि अर्थातच रुसलं होतं. त्यागीजींनी समया मागवल्या होत्या. शास्त्रीबुवांनी आज जरीचं उपरणं घेतलं होतं. "भाइयों और बहनों, माउलीहो! जिथे विज्ञानाचा पेचकस थांबतो—"

"शास्त्रीबुवा, एक मिनिट," जयंत पुढे आला. "घंटा वाजवू नका ताई. आज घंटा नको."

"का बरं?" हेमलताताई म्हणाल्या.

"कारण घंटा थांबली की 'खट्' ऐकू येतं. या तुम्हीच. पट्टी काढा आणि तिच्यामागचं बटण दाबा."

"खबरदार!" शास्त्रीबुवा गरजले. "पट्टीला हात लावेल त्याच्या वंशाला—"

"वंश माझा आहे, बटण मी सांगतोय दाबायला. तिकडे वैभवी बसलीय. ताई, दाबा."

हेमलताताई दोन पावलं पुढे आल्या, थबकल्या, आणि मग पदर खोचून त्यांनी पट्टी ओढली. शांत हॉलमध्ये खट् असा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. फ्लॉपी बाहेर आली. ताईंनी यंत्र चालू केलं, आभाळ उमटलं. जयंतनं फ्लॉपी पुन्हा घालायला सांगितली, पुन्हा त्या दोन ओळी आल्या. मग त्यागीजींनी करून पाहिलं. मग सहावीतल्या दोन मुलींनी करून पाहिलं. प्रत्येकाच्या हातून चमत्कार होत होता, घंटेशिवाय आणि सोवळ्याशिवाय.

"यह तो बच्चों का खेल है," त्यागीजी पुटपुटले.

"शालीखाली बटण दाबायचं, फ्लॉपी सोवळ्यात सारायची, की यंत्र प्रसन्न," जयंत म्हणाला. "परत फ्लॉपी घातली की यंत्र रुसलं. आत्या गाझियाबादहून आली त्याच संध्याकाळी बुवा पट्टी बदलायला आले होते. सावली आत्याची नव्हती. फ्लॉपी बुवांची होती."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," शास्त्रीबुवा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "यंत्रं शेवटी निमित्त असतात..." असं काहीतरी बोलत त्यांनी उपरणं सावरलं. कोणी त्यांना मारलं नाही, धरलं नाही. फक्त वाट करून दिली. दीडशे माणसांनी मुकाट्यानं करून दिलेल्या वाटेनं ते गेले, आणि त्या सोसायटीत पुन्हा दिसले नाहीत.

यशोधन उठला. "जयंतदा, मी दिवसभर हेच काम करतो यार. माझ्या घरची पट्टी अजून तशीच आहे. मी पण नाही काढली." त्याला मान वर करवेना.

टाळ्या सुरू झाल्या. जयंतनं हात वर करून त्या थांबवल्या.

"टाळ्या नकोत. हे मला मंगळवारी कळलं. आज रविवार आहे. मी बटण दाबून बघितलं, फ्लॉपी बघितली आणि परत आत घातली. माझी लाज वाचावी म्हणून. आत्याला घराबाहेर जाऊ देत होतो."

रेवतीला हे आत्ताच कळत होतं. तिनं तोंडावर हात ठेवला, आणि मग ती उठून आत्याच्या पायांशी जाऊन बसली. "आत्या, नका ना जाऊ. मी चुकले. माझ्यामुळे झालं हे."

"तू भ्यालीस, रेवती. पोरीच्या काळजीनं भ्यालीस. तुझ्यावर माझा राग नाही," आत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "पण गाडी तीनची आहे, आता निघायला हवं."

निजामुद्दीनला गाडी फलाटावर लागलेली होती. जयंतनं ट्रंक बाकाखाली सरकवली, पाण्याची बाटली भरून आणली, खिडकीशी उभा राहिला.

"आत्या, मी सगळ्यांसमोर माफी मागितली."

"मागितलीस. चांगलं केलंस."

"मग का जातेस?"

आत्यानं खिडकीच्या गजावर हात ठेवला. "तो शास्त्री परका माणूस. त्यानं मला सावली म्हटलं, मला राग आला, संपलं. पण तू बटण दाबून पाहिलं होतंस जयंता. खरं काय ते तुला माहीत होतं, आणि चार दिवस माझ्या हातचं जेवलास. मी तुला प्रयोग करायला शिकवला. जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत लिहायचं, हेही शिकवलं होतं. ते कुठे गेलं? मला त्या घरात राहून हे रोज आठवेल. आत्ता तरी नाही राहता येणार मला." मग ती म्हणाली, "वैभवीला पाणी उकळून देत जा. टँकरचा भरवसा नाही."

गाडी वेळेवर सुटली.

त्या दिवसापासून सोसायटीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की लोक जयंतला बोलावतात. कधी फ्लॉपी राहिलेली असते, कधी खरंच एखादी फाइल पुसली गेलेली असते आणि सीडीवरून परत घालावी लागते. तो काम करतो, चहा घेतो, आणि लोक त्याला 'बुवाला पळवून लावणारे' म्हणू लागले की त्यांना थांबवतो.

"तसं काही नाही," तो सांगतो. "यंत्र काय म्हणतंय ते आधी नीट वाचा. कोणी हात लावू नका म्हटलं, तर तिथेच आधी बघा. मंत्रानं फाइल परत येत नाही आणि माणसाच्या सावलीनं ती जात नाही. पण एवढं कळून पुरत नाही. कळलं की लगेच बोला, हसं झालं तरी बोला. मी चार दिवस उशीर केला, आणि माझी आत्या घर सोडून गेली."

प्रत्येक घरी तो हे सांगतो. ऐकणारे चुळबुळतात, विषय बदलू पाहतात. तो बदलू देत नाही.